सुरुवातीच्या स्टार्टअपसाठी पहिले डेव्हलपर आणि सीटीओ (मुख्य तंत्रज्ञान अधिकारी) कसे निवडावेत?

कळफलक

पहिला डेव्हलपर घ्यायचं ठरलं की बहुतेक संस्थापक जाहिरातीपासून सुरुवात करतात. जाहिरातीत रिअ‍ॅक्ट, नोड, पायथन, डॉकर, कुबरनेटिस अशी दहा-बारा तंत्रांच्या नावांची माळ, पाच वर्षं अनुभव आणि शेवटी ‘स्टार्टअपची आवड हवी’. मग ते शब्द ज्यांच्या बायोडेटात आहेत त्यांचे अर्ज येतात. त्या माणसाने सोमवारी सकाळी येऊन नेमकं काय करायचं, हे ना अर्जदाराला ठाऊक असतं ना मुलाखत घेणाऱ्याला. पुढे जे बिघडतं त्याचं मूळ बहुधा इथेच असतं, म्हणून हा धागा काढतो आहे.

जाहिरातीआधी एक पान लिहा. त्याला ‘कामाचा कागद’ म्हणू. त्यावर एकच प्रश्न: पुढच्या सहा महिन्यांत या माणसाच्या हातून कोणत्या तीन-चार गोष्टी पूर्ण झालेल्या दिसायला हव्यात? समजा, कंपनी दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर देते. मग कागदावर असं काही येईल:

- दोन रिसेप्शनिस्टनी एकाच क्षणी बटण दाबलं तरी एक वेळ दोन रुग्णांना जाणार नाही.
- आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जाईल. मेसेज पाठवणारी सेवा बंद पडली तर तो उशिरा जाईल, पण हरवणार नाही आणि दोनदाही जाणार नाही.
- पैसे ऑनलाइन भरता येतील आणि परतही करता येतील.
- बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तो खरंच उघडतो का, हे महिन्यातून एकदा तपासलं जाईल.

एवढं लिहिलं की कौशल्यांची यादी आपोआप निघते: डेटाबेसमधली ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र पूर्ण, नाहीतर काहीच नाही अशी नोंद) आणि लॉक, क्यू (कामांची रांग), पेमेंटचे वेबहुक (पेमेंट सेवेकडून आपोआप येणाऱ्या सूचना), सर्व्हरची साधी देखभाल. कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारं साधन) यात कुठेही नाही, मोबाइल अ‍ॅपही नाही. बॅकएंड (सर्व्हरकडचा भाग) पक्का आणि फ्रंटएंड (पडद्यावर दिसणारा भाग) कामापुरता येणारा एक माणूस पुरेसा आहे, हे कागदावरच कळतं.

आता निवडीच्या पायऱ्या. उमेदवाराचे एकूण चार-पाच तास घ्यावेत आणि पहिल्या फोनपासून ऑफरपर्यंत दहा-बारा दिवसांत सगळं उरकावं. चांगल्या माणसाकडे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणची बोलणी चालू असतात. तीन आठवडे ताटकळत ठेवलं तर तो दुसरीकडे होकार देऊन मोकळा होतो.

पहिला फोन अर्ध्या तासाचा. कामाचा कागद आधी पाठवून द्यायचा आणि फोनवर पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड, कामाच्या वेळा सरळ विचारून घ्यायच्या. पगाराचा आकडा शेवटच्या फेरीपर्यंत झाकून ठेवला तर दोघांचाही वेळ जातो.

दुसरी पायरी कोड रिव्ह्यूची, तासाभराची. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. दीड-दोनशे ओळींची एक पुल रिक्वेस्ट (कोडमधला प्रस्तावित बदल) तयार ठेवायची, त्यात मुद्दाम पाच दोष पेरायचे आणि उमेदवाराला सांगायचं, ‘हे सहकाऱ्याने लिहिलं आहे, उद्या प्रॉडक्शनला (खऱ्या ग्राहकांपर्यंत) जाणार आहे, शेरे लिहा.’ वरच्या उदाहरणाला हे दोष चपखल बसतात:

एक, वेळ रिकामी आहे का हे एका क्वेरीत पाहून दुसऱ्या क्वेरीत नोंद घालणं. दोघांनी एकदम पाहिलं तर दोघांनाही ‘रिकामी’ दिसते आणि दोन्ही नोंदी होतात. दोन, रक्कम फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवणं. बहुतेक भाषांत ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. तीन, पन्नास अपॉइंटमेंटची यादी दाखवताना प्रत्येक रुग्णासाठी वेगळी क्वेरी, म्हणजे एकूण एक्कावन्न. चार, लॉगमध्ये रुग्णाचा फोन नंबर. पाच, यूआरएलमध्ये दुसऱ्या दवाखान्याचा आयडी टाकला तरी माहिती मिळणं.

पाचही दोष सापडलेच पाहिजेत असं नाही. शेऱ्यांचा क्रम पाहायचा. व्हेरिएबलच्या नावांवर आणि मोकळ्या जागांवर दहा शेरे लिहून पाचवा दोष ज्याच्या नजरेतून सुटतो, तो आणि पहिलाच शेरा ‘हे असं जाऊ देता येणार नाही, दुसऱ्याचे रुग्ण दिसताहेत’ असा लिहिणारा, यांच्यात फार अंतर आहे. शिवाय शेऱ्याची भाषा दिसते. सहकाऱ्याला कमी लेखणारी भाषा तीन जणांच्या टीममध्ये रोज टोचते.

तिसरी पायरी दीड तासाचं सोबत बसून काम. आपल्याच उत्पादनासारख्या छोट्या रेपोत (कोडच्या साठ्यात) एक बदल करायचा. रेपो आधीच चालता करून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ पॅकेज बसवण्यात जातो आणि आपण माणसाऐवजी त्याचा लॅपटॉप तपासतो. चौथी पायरी जुन्या एका प्रकल्पावर तासभर सविस्तर गप्पा. शेवटी रेफरन्स.

प्रश्न सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने. प्रत्येक मुलाखतकाराने आपले गुण १ ते ४ मध्ये, इतरांशी बोलण्याआधी लिहून टाकायचे. मधला आकडा मुद्दाम ठेवलेला नाही, म्हणजे बाजू घ्यावीच लागते. ही शिस्त निव्वळ नीटनेटकेपणासाठी नाही. कोणत्या पद्धतीने केलेली निवड पुढच्या कामाशी किती जुळते, यावर श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या सांख्यिकी दुरुस्त्या पुन्हा तपासल्या. नव्या आकड्यांत (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर सगळ्यांत वर आहे, प्रत्यक्ष कामाचा नमुना ०.३३ वर, मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९ वर आणि अनुभवाची वर्षं ०.०७ वर. जाहिरातीतल्या ‘पाच वर्षं अनुभव’ या अटीला किती वजन द्यायचं ते यावरून ठरवा.

पाऊलवाट

धागा उत्तम. एक शंका. संस्थापकाला स्वतःला कोड वाचता येत नसेल तर ही कोड रिव्ह्यूची पायरी तपासणार कोण? सुरुवातीला कंपनीत दुसरं तांत्रिक माणूसच नसतं.

दीपमाळ

@पाऊलवाट, यासाठी बाहेरचा अनुभवी डेव्हलपर तासांच्या हिशेबाने घ्यावा. त्याची दोनच कामं: पेरलेल्या दोषांची पुल रिक्वेस्ट बनवणं आणि शेवटच्या तीन-चार उमेदवारांचे शेरे वाचून गुण देणं. पुल रिक्वेस्ट बनवायला अर्धा दिवस आणि प्रत्येक उमेदवारामागे तास-दीड तास धरा. त्याला रीतसर पैसे द्या. ओळखीत फुकट करून घेतलं की काम मागे पडतं आणि उमेदवार खोळंबतो. आणि तो माणूस स्वतः त्या जागेसाठी उत्सुक नसावा.

काही गोष्टी मात्र संस्थापकाला स्वतः पारखता येतात आणि त्या त्यानेच पारखाव्यात. कामाच्या कागदावरचा एक मुद्दा उमेदवारापुढे ठेवून म्हणायचं, ‘याचे आठवड्याभराचे तुकडे पाडून दाखवा.’ चांगला माणूस आधी प्रश्न विचारतो: रद्द केलेली अपॉइंटमेंट पुन्हा देता येते का? डॉक्टर मध्येच रजेवर गेला तर? दोन गावांतले दवाखाने वेगळ्या टाइमझोनमध्ये आहेत का? पहिल्या दोन आठवड्यांत वापरता येईल असं काय देता येईल तेही तो सांगतो. प्रश्न न विचारता ‘तीन महिने लागतील’ म्हणणारा आणि ‘सगळं होईल, चिंता नको’ म्हणणारा, दोघांच्या बाबतीत थांबून विचार करावा.

दुसरी चाचणी: ‘युनिक कन्स्ट्रेंट म्हणजे काय, मला समजेल असं सांगा.’ (डेटाबेसचा ‘हीच नोंद दोनदा नको’ असा नियम.) पुढे रोज हेच होणार आहे. संस्थापकाने धंद्यातलं सांगायचं, डेव्हलपरने तंत्रातलं, आणि दोघांनी मिळून ठरवायचं. संस्थापकाला मुलाखतीतच काही उमगलं नाही तर नंतर उमगेल अशी आशा धरू नये.

अर्धविराम

कळफलक यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. पण धाग्याच्या नावात ‘सीटीओ’ आहे आणि त्यावर अजून कोणी लिहिलेलं नाही, म्हणून थोडं खुलासेवार लिहिते.

पहिल्या डेव्हलपरला सीटीओ हे पद देऊ नका. पगार कमी देतो म्हणून पद मोठं द्यायचं, असा सौदा सर्रास होतो. अठरा महिन्यांनी टीम बारा-पंधरा जणांची होते, माणसं सांभाळणारं कोणी तरी हवं असतं, आणि त्या खुर्चीवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. मग एकतर त्याला खाली आणायचं किंवा त्याच्या डोक्यावर दुसरा आणायचा. दोन्हींत तो माणूस बहुधा जातो, आणि पहिल्या वर्षाचा सगळा कोड त्याच्याच डोक्यात असतो. ‘फाउंडिंग इंजिनिअर’ हे पद पुरेसं मानाचं आहे आणि पुढच्या वाटा मोकळ्या ठेवतं.

सीटीओ या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं येतात. चार-पाच जणांच्या कंपनीत तो दिवसाचा बहुतेक वेळ कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात डेटाचं मॉडेल कसं असावं, काय स्वतः बांधायचं आणि काय विकत घ्यायचं हे ठरवतो. पंधरा-वीस जण झाले की दिवस माणसं निवडण्यात, कामाच्या वाटपात आणि पुढच्या तिमाहीच्या आखणीत जातो. हे खरं तर व्हीपी इंजिनिअरिंगचं (डेव्हलपर टीम सांभाळणाऱ्या प्रमुखाचं) काम. त्याहून मोठ्या कंपनीत सीटीओ बाहेरच्या जगाशी बोलतो: मोठे ग्राहक, सुरक्षेचे ऑडिट, गुंतवणूकदार. दोनशे जणांच्या कंपनीतून आलेला नेता तीन जणांच्या कंपनीत अडखळतो तो हुशारी कमी म्हणून नव्हे. तिथे त्याच्या हाताखाली टेस्टिंगची टीम, डेव्हऑप्सची (सर्व्हर सांभाळणारी) टीम, रिक्रूटर होते. इथे रात्री सर्व्हर पडला की त्यालाच उठायचं आहे. म्हणून सरळ विचारा: गेल्या सहा महिन्यांत स्वतः लिहिलेला कोणता कोड प्रॉडक्शनला गेला?

तांत्रिक नेत्यासाठी आणखी काही प्रश्न, ज्यांची उत्तरं पाठ करून येत नाहीत:

‘या कागदावरचं काय आपण बांधूच नये?’ लॉगिन, पेमेंट, ईमेल पाठवणं यांपैकी काही विकतच घ्यावं, असं उत्तर यायला हवं आणि का तेही.

‘शेवटचा बॅकअप प्रत्यक्ष उतरवून कधी पाहिला? किती वेळ लागला?’ बॅकअप ‘चालू आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

‘तुम्ही घेतलेला कोणता तांत्रिक निर्णय नंतर उलटवावा लागला? उलटवायला काय खर्च आला?’

‘तुम्ही कोणाला कामावरून कमी केलं आहे का? तो निर्णय किती उशिरा घेतला असं आता वाटतं?’

तीन जणांच्या टीमसाठी पहिल्याच आठवड्यात मायक्रोसर्व्हिसेसचा (एक सॉफ्टवेअर अनेक छोट्या स्वतंत्र सेवांत तोडण्याचा) आराखडा मांडणारा उमेदवार दिसला तर कारण विचारा. एक रेपो, एक डेटाबेस, एक डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) यावर अशी टीम बराच काळ निभावते. त्याच टीमने आठ सर्व्हिसेस केल्या तर आठ डिप्लॉय, आठ ठिकाणचे लॉग आणि त्यांच्यातले नेटवर्कचे बिघाड सांभाळण्यातच आठवडे जातात.

गणकयंत्र

इक्विटीचं (कंपनीतल्या मालकीच्या वाट्याचं) गणित बहुतेक ऑफर लेटरमध्ये अर्धवट असतं, त्यामुळे नंतर मनं दुखावतात. समजा, सगळे ऑप्शन (पुढे ठरल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क) धरून कंपनीचे एकूण १,००,००,००० शेअर आहेत आणि डेव्हलपरला ५०,००० ऑप्शन दिले. म्हणजे ०.५ टक्के. नुसतं ‘५०,००० ऑप्शन’ सांगितलं तर काहीच कळत नाही. भागिले किती ते सांगितलंच पाहिजे.

चार वर्षांचं व्हेस्टिंग (हक्क हळूहळू मिळत जाणं) आणि एक वर्षाचा क्लिफ (त्याआधी काहीच न मिळण्याची मुदत) ही रूढ पद्धत. बाराव्या महिन्याच्या आत सोडलं तर शून्य. बारावा महिना पूर्ण झाला की एकदम १२,५००, आणि पुढे दर महिन्याला ५०,००० चा अठ्ठेचाळिसावा भाग, साधारण १,०४२.

आता गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदारांना २० टक्के गेले आणि नव्या भरतीसाठी ऑप्शनचा साठा ५ टक्क्यांनी वाढवला, तर ०.५ चे होतात ०.५ × ०.७५ = ०.३७५ टक्के. त्यापुढच्या फेरीत आणखी २० टक्के गेले तर ०.३. हे आधीच कागदावर मांडून दाखवा. कंपनीची किंमत वाढली तर ०.३ टक्क्यांचं मोल पहिल्या ०.५ पेक्षा जास्त असू शकतं, तेही दाखवा. पण आकडा घटतो हे लपवू नका.

आणखी तीन बाबी उमेदवाराने विचाराव्यात आणि कंपनीने न विचारता सांगाव्यात. ऑप्शनला शेअरमध्ये बदलताना किती पैसे भरावे लागतील? नोकरी सोडल्यावर ते किती दिवसांत भरायचे? अनेक करारांत ही मुदत ९० दिवसांचीच असते, आणि तेवढ्यात रक्कम व कर उभा करणं पगारदाराला जड जातं. तिसरी, विक्रीच्या वेळी आधी कोणाला पैसे मिळतात? गुंतवणूकदारांनी १०० घातले असतील, त्यांना घातले तेवढे आधी परत मिळण्याचा हक्क असेल आणि कंपनी ९० ला विकली गेली, तर कर्मचाऱ्यांच्या ०.३ टक्क्यांना काहीही मिळत नाही.

सहसंस्थापक म्हणून सीटीओ येत असेल तर त्याच्या शेअरलाही व्हेस्टिंग हवंच, आणि बाकीच्या संस्थापकांच्याही. आठव्या महिन्यात एक जण ३०-४० टक्के घेऊन बाहेर पडला तर पुढचा गुंतवणूकदार दारातूनच परततो.

आणि रनवे, म्हणजे हातातले पैसे किती महिने पुरतील. समजा, बँकेत १८० लाख आहेत, महिन्याचा खर्च १० लाख आहे, म्हणजे अठरा महिने. दोन डेव्हलपर घेतले, लॅपटॉप, विमा, क्लाउड धरून प्रत्येकी अडीच वाढले, तर महिन्याला १५ आणि हातात बारा महिने. पुढची गुंतवणूक उभी करायला सहा महिने धरले तर उत्पादनात दाखवण्याजोगं काही करायला उरतात सहाच. तेवढ्यात नव्या माणसाचा नोटीस पिरियड आणि रुळायचा वेळही धरायचा. म्हणून दोघांना एकदम घेण्याऐवजी एक घ्या, त्याला रुळू द्या, मग दुसरा.

पाऊलवाट

गणकयंत्र, फार उपयोगी. मग दोन-तीन आठवडे पगारी चाचणीवर ठेवून पाहिलं तर? एवढ्या मुलाखतींची गरजच उरणार नाही.

कळफलक

चालतं, पण कोणाला चालतं ते पाहा. नोकरीत असलेला माणूस दोन आठवड्यांची रजा काढून दुसरीकडे काम करू शकत नाही. बऱ्याच करारांत बाहेरचं काम करायला मनाईही असते. त्यामुळे अशा चाचणीला तयार होणारे बहुधा सध्या मोकळे असलेले किंवा फ्रीलान्सर. त्यांच्यात उत्तम माणसं असतात, प्रश्न त्यांचा नाही. पण नोकरीत असलेल्या सगळ्यांना आपण दारातूनच परत पाठवतो.

मोकळ्या माणसासाठी चाचणी करायचीच तर आठवडाभराची, पैसे देऊन, आणि काम असं की अर्धवट राहिलं तरी कोणाचं अडणार नाही. खऱ्या ग्राहकांचा डेटा देऊ नका.

घरी करायला दिलेल्या असाइनमेंटबद्दलही हेच. दोन-तीन तासांच्या पलीकडे जाऊ नये. ‘आठवडाअखेर पूर्ण अ‍ॅप बनवून आणा’ म्हटलं की घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले सगळे गळतात, आणि उरतात ते ज्यांच्याकडे वेळ आहे ते.

निळी शाई

घरच्या असाइनमेंटचा विषय निघालाच आहे तर एआयबद्दल लिहिते. आता कोड लिहून देणारी साधनं सगळ्यांकडे आहेत, त्यामुळे घरून आलेला कोड पाहून माणूस ओळखता येत नाही. मनाई करून उपयोग नाही, कारण मनाई तपासता येत नाही आणि प्रामाणिक उमेदवारच तोट्यात जातात. रोजच्या कामात तो ही साधनं वापरणार असेल तर चाचणीतही वापरू द्या, आणि तसं आधी लेखी कळवा.

खरी परीक्षा त्यानंतरच्या पाऊण तासात. त्याच कोडवर समोरासमोर अट बदलायची. दुहेरी अपॉइंटमेंटचंच घ्या. बहुतेक जण, आणि साधनंही, डॉक्टर आणि वेळ या दोन कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट टाकतात. बरोबर आहे. मग विचारायचं: ‘अपॉइंटमेंट रद्द झाली आणि ओळ तशीच ठेवली, तर ती वेळ पुन्हा कशी देणार?’ इथे फक्त चालू अपॉइंटमेंटपुरता आंशिक इंडेक्स (काही ओळींनाच लागू होणारा युनिक नियम) हवा, हे कळायला कोड समजलेला असावा लागतो. मग पुढे: ‘आता काही अपॉइंटमेंट पंधरा मिनिटांच्या, काही चाळीसच्या. १०:०० ची चाळीस मिनिटांची आणि १०:१५ ची पंधराची, दोन्ही तुमच्या डेटाबेसमध्ये बसतात.’ युनिक कन्स्ट्रेंट इथे कोलमडतो, कारण सुरुवातीच्या वेळा वेगळ्या आहेत. कोणी पोस्टग्रेस या डेटाबेसमधला वेळेच्या पट्ट्यावरचा एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणारे कालावधी नाकारणारा नियम) सुचवतो, कोणी त्या डॉक्टरच्या ओळीवर लॉक घेऊन मग तपासायला सांगतो, कोणी दिवसाचे पाच-पाच मिनिटांचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यावर युनिक ठेवतो. तिन्ही चालतात. प्रत्येकाची किंमत काय, हे तो सांगू शकतो का, एवढंच ऐकायचं. पाच मिनिटांत कळतं की हा कोड त्याचा आहे की त्याच्याकडे फक्त आला आहे.

दूरस्थ भरतीत आणखी एक सावधगिरी. मुलाखत एकाने द्यायची आणि कामावर दुसऱ्याने यायचं, हे प्रकार घडतात. डीपफेक व्हिडिओ आणि चोरलेली ओळख वापरून दूरस्थ तांत्रिक नोकऱ्यांसाठी अर्ज केले जात असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२२ मध्ये दिला होता. उपाय साधे आहेत. प्रत्येक फेरीत कॅमेरा चालू. ओळखपत्राची पडताळणी अकाउंट देण्याआधी. आणि रुजू झाल्याच्या दिवशी मुलाखत घेणाऱ्यानेच अर्धा तास बसून चाचणीतल्या त्याच कोडवर बोलायचं. प्रॉडक्शनचा प्रवेश पहिल्या दिवशी देऊ नये. आधी रेपो, मग टेस्ट सर्व्हर, मग बाकीचं.

दीपमाळ

निळी शाई यांच्या प्रतिसादाला +१. वेळेच्या पट्ट्यांचा प्रश्न आता माझ्याही यादीत.

करारांबद्दल थोडं. फ्रीलान्सर किंवा एजन्सीकडून पहिला कोड लिहून घेतला असेल तर त्याची मालकी कंपनीकडे आपोआप येते असं धरून चालू नका. अनेक देशांत लेखी हस्तांतर केल्याशिवाय कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. गुंतवणुकीआधीच्या तपासणीत हा कागद मागितला जातो, आणि दोन वर्षांपूर्वी निघून गेलेल्या माणसाची सही तेव्हा शोधत बसावं लागतं. सही पहिल्या बिलाआधी घ्या. हे वकिलाकडून एकदा नीट लिहून घेण्याचं काम आहे, नेटवरचा नमुना चिकटवण्याचं नाही.

त्याच दिवशी हेही तपासा: डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे, क्लाउडचं मूळ खातं कोणाच्या कार्डावर आहे, गिटहबची संस्था कोणाच्या नावे आहे, अ‍ॅप स्टोअरची खाती कोणाची. सगळं कंपनीच्या ईमेलवर हवं आणि किमान दोघांना प्रशासकाचा प्रवेश हवा. एकाच डेव्हलपरच्या खाजगी जीमेलवर सगळं असेल तर तो आजारी पडला तरी कंपनी थांबते. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर वेबसाइट आणि ईमेल दोन्ही एकदम बंद.

पाऊलवाट

रेफरन्सला कोणी वाईट बोलत नाही असा सर्वसाधारण समज आहे. मग तो फोन करायचा कशाला?

अर्धविराम

@पाऊलवाट, ‘कसा आहे?’ विचारलं तर ‘छान आहे’ हेच ऐकू येणार. प्रश्न असा हवा की ज्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्याने एकट्याने पार पाडलेलं कोणतं काम तुम्हाला आठवतं? त्याला कोणत्या बाबतीत मदत लागायची? तुमच्यासोबत काम केलेल्या डेव्हलपरमध्ये तो वरच्या एक-दोघांत येतो का, मधल्यांत? आमच्याकडे टेस्टिंगची वेगळी टीम नाही, तिथे त्याला काय जड जाईल? शेवटच्या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो आणि मग खरं बोलतो. त्या थांबण्याकडेही लक्ष असू द्या.

एक फोन त्याच्या वरिष्ठाला, एक बरोबरीच्याला. नेत्याच्या जागेसाठी त्याच्या हाताखाली काम केलेल्या दोघांशी बोलल्याशिवाय ऑफर देऊ नये. आणि सगळं उमेदवाराला सांगून. सध्याच्या कंपनीत परस्पर फोन केला तर त्याची नोकरी धोक्यात येते, हे विसरू नका.

कळफलक

बरोबर. आता रुजू झाल्यानंतरचं, कारण चुकीच्या म्हटल्या जाणाऱ्या बऱ्याच निवडी खरं तर चुकीच्या सुरुवाती असतात.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत प्रकल्प त्याच्या मशीनवर चालला पाहिजे. त्यासाठी सूचनांची फाइल कोऱ्या लॅपटॉपवर आधी एकदा करून पाहिलेली हवी. पहिल्या आठवड्यात एक छोटा बदल प्रॉडक्शनला. महिनाअखेर कामाच्या कागदावरचा एक मुद्दा पूर्णपणे त्याच्या हाती. दर आठवड्याला अर्धा तास समोरासमोर, ज्यात कामाची यादी वाचायची नाही; काय अडतंय ते ऐकायचं.

दोन-तीन डेव्हलपर होईपर्यंत बोलणं सहज होतं. नंतर जोड्यांची संख्या झपाट्याने वाढते: तिघांत ३, पाचांत १०, आठांत २८. पाचव्या माणसाच्या आधी तरी निर्णय कुठे लिहायचे आणि कोणत्या निर्णयाला कोणाची संमती लागते, हे ठरलेलं असावं.

गणकयंत्र

आणि जमत नसेल तर? कितव्या आठवड्यात बोलायचं?

अर्धविराम

चौथ्या आठवड्यात शंका आली तर चौथ्याच आठवड्यात बोलावं, लेखी अपेक्षांसह. ‘अधिक पुढाकार घ्या’ असं म्हणू नका; त्यातून कोणालाच काही कळत नाही. ‘शुक्रवारपर्यंत परताव्याचा फ्लो टेस्टसह पुल रिक्वेस्टमध्ये हवा, अडलात तर त्याच दिवशी विचारा’ असं म्हणा. अशी तीन-चार ठरावीक कामं, चार आठवड्यांची मुदत, दर आठवड्याला तपासणी. काम मंद आहे पण प्रत्येक आठवड्यात प्रश्न चांगले येत आहेत, तर मुदत वाढवा. तीच चूक तिसऱ्यांदा होते आहे आणि ती लपवलीही जाते आहे, तर थांबवा. क्लिफच्या अकराव्या महिन्यापर्यंत गप्प बसून मग काढून टाकणं अन्यायाचं आहे, आणि उरलेली टीम ते बघत असते.

निघताना त्याच्याकडून दोन दिवस फक्त नोंदी लिहून घ्याव्यात: कोणता सर्व्हर काय करतो, कोणता जॉब (आपोआप चालायचं काम) अधूनमधून हाताने चालवावा लागतो, कोणत्या पासवर्डची मुदत कधी संपते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे प्रवेश बंद करून त्याच्याकडे असलेल्या किल्ल्या (सेवांचे पासवर्डसारखे गुप्त कोड) बदलून टाकायच्या. पेमेंट गेटवेच्या वेबहुकची गुप्त किल्ली हमखास राहून जाते, ती यादीत वेगळी लिहून ठेवा.